टोपलीखालचं सोनं

पाचव्या माळेच्या संध्याकाळी जेलरोडच्या आमच्या कॉलनीत ज्ञानेशच्या दाराबाहेर चपलांचा असा ढीग पडला होता की वरच्या मजल्यावर जायला जिना उरला नव्हता. आत माणसं सोफ्याच्या हातांवर बसली होती, ओट्याला टेकून उभी होती, आणि जी मावली नाहीत त्यांनी व्हिडिओ काढायला आपापले मोबाइल पुढे पाठवले होते. मधोमध चौरंगावर घट, घटावर वेताची टोपली, टोपलीवर दुहेरी घडीचं जाड लाल कापड.

ढुंढिराज महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि टोपली उचलली.

घटाभोवतीच्या मातीत गव्हाची रोपं बोटभराहून उंच झाली होती. एकूण एक पिवळीधमक, ट्यूबलाइटखाली सोन्याच्या तारांसारखी. त्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या घरांत त्याच दिवशी बसलेले घट हिरवे होते आणि उंचीला निम्मे. इथे मात्र सोनं उगवलं होतं. उदो-उदो सुरू झाला. दोन जणींना रडू आलं, एकीच्या तर बसल्या जागी अंगात यायला लागलं, पण जागाच नसल्यामुळे तिने विचार बदलला.

महाराज पैसे घेत नसत. एक रुपयाही नाही. कॉलनीला याचंच मोठं कौतुक. मी दुकानदार, मला मात्र फुकट माल वाटणाऱ्याची जास्त धास्ती वाटते. तो गिऱ्हाईक जमवत असतो, किंमत नंतर सांगतो.

त्यांची गोष्ट सांगण्याची हातोटी अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच ती सांगितली. घट बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी ज्ञानेशच्या बायकोला, मोहिनीला, विचारलं होतं, तुमच्या माहेरी घट कसा यायचा? मोहिनी सायखेड्याची. तिने सांगितलं, पिवळाजर्द यायचा; आई म्हणायची, यंदा बरकत आहे.

"आणि लग्न झाल्यापासून इथे?"

"इथे हिरवा येतो, महाराज."

"हिरवं म्हणजे गवत. ताई, देवी माहेरीच राहिली. तुम्ही एकट्याच सासरी आलात."

मोहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घाव बरोबर जागी बसला होता, कारण तिच्या घरात दुखणं होतं. अकरा वर्षांची स्वानंदी सातव्या वर्षापासून इन्सुलिनवर होती. तिच्या शरीरात ते तयारच होत नसे. रोज चार वेळा बोट टोचून साखर तपासायची आणि मग सुई. पोरगी भारी चुणचुणीत. कोणाच्याही वाढदिवसाला केकचा तुकडा हातात आला की आधी तो डोळ्यांनी मोजायची आणि किती युनिट लागतील ते जाहीर करायची. कॉलनीत माझ्याइतका पक्का हिशेब फक्त तिचा.

महाराजांनी घट स्वतःच्या हाताने बसवला आणि नियम घातले. पाचव्या माळेपर्यंत टोपली उचलायची नाही. पाणी घालायचं ते कापडाखालून हात सरकवून. देवीला परकी नजर सोसत नाही.

आणि आता सोनं आलं होतं. महाराजांनी स्वानंदीला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"देवी घरात आली. आता या लेकराला सुई टोचायची म्हणजे देवीलाच टोचायची," ते मोहिनीला म्हणाले. मग टोपली पुन्हा घटावर ठेवत आवाज खाली आणला. "याला सूर्याची नजर लागू देऊ नका. रोप हिरवं पडलं, तर पुढचं मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या उत्तराताई खाली आल्या. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. बोलणं खडूसारखं, सरळ आणि थोडं कोरडं. त्यांनी मोहिनीला विचारलं, माहेरी देवघराला खिडकी होती का? मोहिनीने आठवून सांगितलं, नव्हती. मधल्या खोलीत, कणगीशेजारी कोनाडा होता, दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा.

"मग तेच आहे. अंधारात गहू पिवळाच येतो. तिथे खोली अंधारी होती, इथे टोपली आहे. एक दिवस गॅलरीत ठेवून बघ, हिरवा होईल."

"महाराज म्हणालेच होते ताई, कोणीतरी येऊन असं सांगेल म्हणून."

विमा आधीच उतरवून ठेवला होता. हिरवं झालं तर नजर लागली, झालं नाही तर चमत्कार. तोट्याचा रकानाच नाही.

उत्तराताईंनी वाद सोडला आणि एवढंच विचारलं, सुई तरी देतेस ना? मोहिनी म्हणाली, देते. स्वानंदी तिथेच बसली होती. तिने आपली बोटं उत्तराताईंसमोर धरली आणि म्हणाली, "मावशी, आज एकही भोक नाही." मोहिनीने तिच्याकडे डोळे वटारले. उत्तराताई समजल्या. ज्ञानेशला फोन केला, तर तोही म्हणाला की दोन दिवस बघू, पोरगी किती खूश आहे. त्या पुन्हा खाली आल्या तेव्हा दार उघडलं नाही.

सातव्या माळेला स्वानंदी तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती आणि ओकत होती. तिच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोड वास यायला लागला. मोहिनीने घाबरून महाराजांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, हा देवीचा सुगंध. दुपारी पोरगी छाती भरभरून, भराभर श्वास घ्यायला लागली. महाराजांनी सांगितलं, संचार होतोय, अडवू नका.

कोणी अडवलं नाही. संध्याकाळी ती हाकेला ओ देईना, तेव्हा ज्ञानेशने तिला उचललं आणि उत्तराताईंनी गाडी काढली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दारातच तो वास ओळखला. इन्सुलिन थांबलं की रक्तात आम्ल साठतं, त्याचा तो वास. शरीर ते बाहेर टाकायला धडपडतं, त्याचा तो श्वास. त्यांनी रात्रभर शर्थ केली. अष्टमीच्या सकाळी स्वानंदी गेली.

ज्या जिन्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती, तो त्या दिवशी मधून मोकळा होता. जी माणसं होती, ती भिंतीला लागून उभी होती.

घरात सुतक. घटाला कोणी हात लावायचा नाही, म्हणून तो तसाच टोपलीखाली राहिला. दसऱ्याच्या सकाळी महाराज सांत्वनाला आले, बरोबर चार भक्त. ज्ञानेशच्या खांद्यावर हात ठेवून हळहळत म्हणाले, मी बजावलं होतं, आत कोणाची तरी नजर गेली. हे म्हणताना त्यांनी उत्तराताईंकडे पाहिलं नाही. भक्तांनी मात्र पाहिलं, आणि मग बाकीच्यांनीही.

मोहिनी कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होती. ती उठली. सुतकात शिवायचं नसतं, असं कोणीतरी पुटपुटलं. तिने टोपलीसकट घट उचलला, जिना उतरली, आवारात उन्हात ठेवला आणि टोपली काढून बाजूला टाकली. पाती अजून पिवळीच होती, लांब, लुळी, एकमेकांवर कललेली.

"बघू द्या सूर्याला," ती म्हणाली. "आता माझं काय घेणार आहे?"

उत्तराताईंनी निम्म्या रोपांवर ते लाल कापड खोचलं, बाकीची उघडी ठेवली. मोहिनी समोर फरशीवर बसून राहिली. दुपार व्हायच्या आतच उघड्या पात्यांवर पोपटी छटा चढली. तेव्हाच महाराजांना त्र्यंबकचं काहीतरी तातडीचं काम आठवलं. त्यांच्यावर पुढे गुन्हा दाखल झाला. त्या दिवशी मात्र त्यांच्या गाडीकडे कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे घटाकडे होते. ऊन उतरलं तेव्हा उघडी बाजू हिरवी होती. उत्तराताईंनी कापड काढलं. खालची रोपं पिवळीच.

"कसं झालं हे?" मोहिनीने विचारलं.

उत्तराताई तिच्याशेजारी खाली बसल्या. त्यांनी सांगितलं की पानात हरितद्रव्य असतं, तोच हिरवा रंग. ते ऊन पकडतं. पकडलेल्या उन्हाच्या जोरावर पान मुळातून आलेलं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांची साखर करतं. तीच झाडाची भाकरी, आणि शेवटी आपलीही. पण गव्हाच्या पात्यात हे हरितद्रव्य तयार व्हायलाच आधी उजेड लागतो. टोपलीखाली तो नव्हता, म्हणून रंग आला नाही.

"मग एवढं उंच कसं वाढलं?"

"दाण्यात थोडी शिदोरी असते. अंधारात रोप ती सगळी उंची वाढवण्यात घालतं, कुठेतरी उजेड सापडेल म्हणून. नवीन काही कमवत नाही. शिदोरी संपली की मरतं."

मोहिनीने एक लुळं पिवळं पातं बोटावर घेतलं.

"म्हणजे ही रोपं उपाशी होती."

"हो."

"आणि आपण उदो-उदो करत होतो."

उत्तराताई हातातल्या कापडाची घडी घालू लागल्या.

"ती पण उपाशीच होती का, ताई? मी तर तिला शिरा करून घातला होता. प्रसादाचा. चार वर्षांनी पहिल्यांदा पोटभर."

खोटं बोलता आलं असतं. उत्तराताईंनी तिचा हात हातात घेतला आणि खरं सांगितलं. पोटात अन्न होतं, रक्तात साखर होती, पण ती पेशींच्या आत जायला इन्सुलिन लागतं. ते नसलं की भरल्या ताटावर शरीर उपाशी राहतं आणि स्वतःलाच खायला लागतं.

मोहिनी रडली नाही. भोवती जमलेल्या माणसांत पलीकडच्या बिल्डिंगमधल्या धोंडाबाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझा बी घट म्हाराजांनीच बसवला, पिवळाच आला. मी बी बीपीच्या गोळ्या सोडल्यात. म्हाराज म्हनले व्हते." मग इकडून तिकडून कबुल्या निघाल्या. कोणी थायरॉइडची गोळी सोडली होती, कोणी मुलाचं फिटचं औषध. सगळ्यांच्या घरी सोनं आलं होतं, सगळ्यांच्या घरी टोपल्या होत्या.

मोहिनी उठली. धोंडाबाईंचा हात धरून त्यांच्या घरी गेली, ओट्यावरचा गोळ्यांचा डबा शोधून काढला, पेल्यात पाणी ओतलं आणि त्या गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग शेजारच्या दाराची बेल वाजवली, मग त्याच्या पुढच्या. उत्तराताई मागोमाग होत्याच. एका घरी तिला कोणीतरी म्हणालं, अगं सुतक आहे तुला, घरी जा. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मी आत येत नाय," ती म्हणाली. "घट पिवळा येऊ दे, नाय तर हिरवा, औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. कोणी करायला सांगितलं तर त्याला माझ्याकडे घेऊन या. काय होतं ते मी सांगते."