सैल पापुद्रा

सोमवारी सकाळी मास्तरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि खांद्यावरची पिशवी काढायचीच राहिली. शुक्रवारी ज्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याला त्यांनी ताणून ताणून सैल करून ठेवलं होतं, तो आज ताठ होता. एक सुरकुती नाही की झोळ नाही.

मास्तरीणबाई काही शाळेत शिकवत नव्हत्या. कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं तरी त्या फळ्याकडे धावत आणि आकृती काढून समजावत, म्हणून प्रयोगशाळेत हे नाव पडलं होतं. काम धातूचे पापुद्रे ओढण्याचं. केसाचे शेकडो उभे छेद करावेत, त्यातल्या एकाइतके पातळ पापुद्रे. दोन टोकांना पकडायचं, ओढायचं, सोडायचं आणि किती लांबले ते मोजायचं. धातू एका मर्यादेपुढे ओढला की लांबलेलाच राहतो, वाकवलेला चमचा आपणहून सरळ होत नाही, हे तर स्वयंपाकघरातही सगळ्यांना माहीत असतं. शुक्रवारी पापुद्रा त्या मर्यादेच्या बराच पुढे गेला होता. सोडल्यावर मधोमध लोंबत होता. त्याचा फोटोही होता.

त्यांनी मुलामेकाकांना हाक मारली. काका शेजारच्या खोलीत पंपानं हवा काढलेल्या भांड्यात धातूची वाफ करून काचेवर हे पापुद्रे चढवत, मुलामा द्यावा तसे, म्हणून हे नाव. निवृत्तीला आलेला माणूस, जरा तिरसट, पण हात असा की त्यांच्या पापुद्र्याला भोक पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, तुम्ही यंत्राला हात लावला होता?"

"मी? तुमच्या यंत्राला? मी माझ्या जावयाच्या गाडीलाही हात लावत नाही."

एवढ्यात साहेब आले. साहेब म्हणजे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण पूर्वी एकदा नमुन्यांची अदलाबदल झाल्यामुळे छापून आलेला शोधनिबंध त्यांना मागे घ्यावा लागला होता आणि तेव्हापासून ते ताकही फुंकून प्यायचे. त्यांनी फोटो पाहिला, पडदा पाहिला आणि काकांकडे वळले.

"शनिवारी तुम्ही एकटेच आला होतात ना?"

"हो. पंपाचं तेल बदलायला."

"आणि गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणत होता की बाई माझा माल उगाच कच्चा ठरवतात."

काकांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी नवा पापुद्रा बसवला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काहीच म्हणायचं नाही. पण उलगडा होईपर्यंत तुम्ही प्रयोगशाळेत येऊ नका."

काकांनी अंगावरचा पांढरा कोट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि ते निघून गेले. एरवी चहा थंड मिळाला तरी तासभर बोलणारा माणूस. ते गप्प गेले, याचंच मास्तरीणबाईंना जास्त लागलं.

संध्याकाळी घरी त्यांनी वडिलांना सगळं सांगितलं. वडील निवृत्त वकील. वकिली सुटली होती, उलटतपासणी सुटली नव्हती.

"काकांनी अदलाबदल केली नाही हे कशावरून?"

"मी ओळखते त्यांना, बाबा."

"ओळख हा पुरावा नाही. आणखी?"

"आणखी म्हणजे, मला वाटतं तो पापुद्रा खरंच स्वतःहून परत आला."

"का येईल?"

मास्तरीणबाईंनी वर्तमानपत्राचा कोपरा ओढला आणि आकृती काढायला घेतली. "धातू म्हणजे कणांची दाटी असते. या पापुद्र्यात सगळेच कण अतिशय बारीक आहेत, पण सारखे नाहीत. ओढलं की त्यातले जरा मोठे असतात ते हार मानतात, कायमचे लांबतात. बारके मात्र हट्टी. ते नुसते ताणलेले राहतात, रबरासारखे. आपण सोडलं तरी त्यांच्यातला ताण शिल्लक असतो. मग ते हळूहळू मोठ्यांना ढकलून ढकलून जागेवर आणत असतील."

"असतील," वडील म्हणाले. "न्यायाधीशांसमोर 'असतील' म्हणालीस तर पुढची तारीख मिळेल. तुझं खरं असेल तर साहेबांच्या डोळ्यांदेखत घडवून दाखव. आणि घडायच्या आधी सांग काय घडणार ते."

मास्तरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. एकदम सगळं लख्ख दिसलं. "बाबा, तुमची फी काय?"

"वर्तमानपत्र फाडू नकोस, एवढीच. शब्दकोडं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी त्या सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. "दोन पापुद्रे घेऊ. एक काकांचा बारीक कणांचा. दुसरा त्याच थराचा, पण भट्टीत ठेवून कण मोठे केलेला. दोन्ही तुमच्यासमोर ओढते. मग यंत्राची पेटी बंद करून तुम्ही सील लावा. पहिला परत येईल, दुसरा येणार नाही. थोडी ऊब दिली की पहिला लवकर येईल."

"इतकी खात्री?"

"हो."

"आणि नाही आला तर?"

"तर मी चुकले, असं सगळ्यांसमोर म्हणेन. पण त्यानंही काका चोर ठरत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "उद्या सकाळी," ते म्हणाले.

सकाळी खोलीत दाटी झाली. मास्तरीणबाईंनीच निरोप धाडला म्हणून काकाही आले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. बाहेर बाकावर बसून राहिले. दोन्ही पापुद्रे ओढले, सोडले. पडद्यावर डावीकडे काकांचा, उजवीकडे भट्टीतला, दोन्ही सारखेच लोंबत होते. साहेबांनी स्वतः पेटीला सील लावलं, स्वतः तापमानाचं बटण फिरवलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी जांभई दिली. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई खुर्चीत आरामात बसल्या होत्या, जणू कुकरची शिट्टी व्हायची वाट बघताहेत.

"जागचा हललेला नाही," साहेब म्हणाले.

"डावीकडचा झोळ मोजा ना."

साहेबांनी पडद्यावर रेघ ओढून मोजलं. पुन्हा मोजलं. मग खुर्ची पुढे सरकवली. झोळ कमी झाला होता. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं, पण तो कमी होत होता. खोलीत कुजबुज थांबली. जेवणाच्या वेळेपर्यंत डावा पापुद्रा जवळजवळ ताठ झाला. उजवा आपला तसाच, वाळत घातलेल्या ओल्या टॉवेलसारखा.

साहेब उठून बाहेर गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"काका, मी तुमच्यावर सगळ्यांदेखत संशय घेतला. माफीही सगळ्यांदेखत मागतो. माझं चुकलं."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, ठरवलंत."

"खरं आहे."

"मला दोन दिवस झोप लागली नाही, साहेब."

साहेब काकांच्या शेजारी बाकावर बसले. थोड्या वेळानं काकाच उठले, आत आले आणि पडद्यासमोर वाकून उभे राहिले. आयुष्यभर पापुद्रे चढवले, पण ओढल्यावर त्यांचं काय होतं हे त्यांनी कधी निवांत पाहिलं नव्हतं.

"हा माझा?" त्यांनी डाव्या पापुद्र्याकडे बोट केलं.

"तुमचाच. निबंधात तुमचंही नाव येणार."

"ते बघू," काका म्हणाले, पण मान जरा ताठ झाली. "असं फक्त ॲल्युमिनियमच करतं का?"

"सोनंही करेल."

"करून पाहिलंय?"

"नाही. पण करेल."

काकांनी बाईंकडे पाहिलं, मोठ्यानं हसले आणि बाह्या सावरत शेजारच्या खोलीत पंप सुरू करायला गेले.