उकळलेल्या एन्झाइमची चाचणी

आमच्या मानेसरच्या प्रयोगशाळेत लतिका आली आणि मला तीन वर्षांत जमलं नाही ते दोन महिन्यांत करून बसली. जळले मी, लपवू कशाला!

वाढत्या मेंदूत पेशींच्या बाहेर प्रथिनांचं जाळं असतं. त्या प्रथिनांना साखरेच्या लांब साखळ्या चिकटलेल्या असतात. पिल्लू वाढतं तशा त्या बदलतात, आणि काही साखळ्या मज्जातंतूंची वाट अडवतात, असा आमच्या गुणवंत सरांचा अंदाज. लतिकानं उंदराच्या पिल्लाच्या मेंदूच्या चकत्यांवर एन्झाइम घालून त्या साखळ्या कापल्या, आणि तंतू सरसर पुढे गेले. "बिल्कुल साफ! पेपरवर पहिलं नाव लतिकाचं," सर म्हणाले. प्रोजेक्ट माझा, पोरीला पिपेट धरायला शिकवलं मी, आणि पहिलं नाव हिचं!

पण बाईसाहेब एक चाचणी विसरल्या होत्या. तेच एन्झाइम उकळून निकामी करायचं आणि घालून बघायचं. तरीही तंतू पुढे गेले, तर साखर कापल्याचा काही संबंधच नाही. मी तिला चकार शब्दानं बोलले नाही. शुक्रवारी गुपचूप चकत्या लावल्या. रविवारी घरी सांगितलं, पानिपतला चादरी आणायला चाललेय, आणि शेअर ऑटोत अंग चोरून प्रयोगशाळेत आले. देवाशपथ, ती तोंडघशी पडावी म्हणून!

तंतू जागचे हलले नव्हते. सटवीचंच खरं होतं.

सोमवारी मीटिंगमध्ये सरांनी नेमकं विचारलं, "उकळलेलं एन्झाइम घालून पाहिलंस?"

लतिकाचा चेहरा पडला. "राहिलं, सर."

"मग या निकालावर माझा भरवसा नाही. कुमुद, आता तूच सगळं पहिल्यापासून कर. पेपर तुझा."

नुसतं गप्प बसायचं होतं! पण डोळ्यांनी पाहिलेलं खरं असं कचऱ्यात टाकलेलं मला बघवेना.

"झालंय ते, सर. मी केलंय," म्हणत मी रविवारची तारीख पडलेले फोटो पुढे सरकवले.

"अच्छा! याला म्हणतात सीनियर," सर म्हणाले.

लतिकानं येऊन मला मिठीच मारली. "कुमुदताई, माझ्यासाठी तुम्ही सुट्टीचं आलात?"

तिच्या खांद्यावरून मला पडद्यावरची पेपरची नावं दिसत होती. पहिलं तिचंच.

"हो गं," मी म्हटलं, आणि पुन्हा जळले, लपवू कशाला!