सलग दहा मिनिटं

संगणक तेहतीस वर्षांचा होता आणि आप्पा ब्याऐंशीचे, पण घरात काळजी चालली होती ती संगणकाची. पाच वाजता संग्रहालयातल्या बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर यंत्र सलग दहा मिनिटं चाललं, तर ते काचेत जाऊन बसणार आणि खाली देणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी लागणार. पण गेले चार दिवस ते दोन-तीन मिनिटं चालायचं, मध्येच बंद पडायचं आणि काही झालंच नाही अशा थाटात पहिल्यापासून सुरू व्हायचं.

दुरुस्तीवाल्याने सकाळीच पॉवर सप्लाय उघडला. पंख्यातली धूळ काढली, फ्यूज बघितला, मीटर लावून एकेक वायर मोजली. बाराच्या जागी बारा व्होल्ट, पाचच्या जागी पाच. मग तो मांडी घालून नुसता ऐकत बसला. आप्पांच्या खाटेशेजारच्या ऑक्सिजनच्या यंत्राने घुर्र करून जोर धरला आणि संगणक गेला.

"सापडलं," तो म्हणाला. "यांचा कॉम्प्रेसर जोर धरतो तेव्हा लाइनीचं व्होल्टेज क्षणभर बसतं. आणि आतले कपॅसिटर झालेत म्हातारे. धक्का सोसत नाही."

"बदलून टाका," आप्पांचा मुलगा म्हणाला.

"मागवायला आठ दिवस. आजच चालवायचं तर लाइनीवरचं एखादं मोठं यंत्र बंद करा. कुठलं ते तुमचं तुम्ही ठरवा."

"फ्रिज नको हं, दूध नासेल," सून म्हणाली. "धुण्याचं मशीनही नको, मध्ये थांबवलं की दार अडकतं."

"माशांच्या टाकीचा पंप?"

"अहो, मासे गुदमरतील ना."

मग सगळे आप्पांकडे पाहू लागले.

"दहाच मिनिटं, आप्पा. हवं तर खिडकी उघडतो."

"डॉक्टर... चोवीस तास म्हणाले," आप्पा नळीआडून म्हणाले.

"तेवीस तास पन्नास मिनिटं उरतातच की."

आप्पांना खरं तर ती पाटी हवी होती. उभ्या आयुष्यात त्यांचं नाव पितळेवर कुठेच लागलं नव्हतं. दारावरची पाटीसुद्धा मुलाच्या नावाची होती. त्यांनी मान हलवली.

बाई वेळेवर आल्या. मुलाने ऑक्सिजनचं बटण बंद केलं, बाईंनी मनगटावरचं घड्याळ लावलं. पडद्यावर हिरवे आकडे सावकाश चढू लागले. आप्पा खाटेवरून तेच आकडे मोजत होते. चौथ्या मिनिटाला त्यांचे ओठ जांभळे झाले.

"आप्पा, बोलू नका, श्वास वाया जातो," सून म्हणाली. आप्पा बोलत नव्हते.

आठव्या मिनिटाला बाईंनी अर्ज काढला. "पाटीवर नाव कुणाचं?"

"वडिलांचं."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. हवा कमी पडली की तसंही येतं.

"हयात आहेत?"

मुलाने एकवार खाटेकडे पाहिलं. "पाटी यायला किती दिवस लागतात?"

"तीन महिने. आणि एकदा कोरलं की बदलून मिळत नाही."

"मग दिवंगत लिहा. नंतर उगाच खाडाखोड नको."

"पूर्ण लिहू की नुसतं ‘दि.’?"

"पूर्णच लिहा," सून म्हणाली. "त्यांना अर्धवट काही आवडायचं नाही."

आप्पांचा हात चादरीवरून सरकत भिंतीशी गेला. बोट दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा बटणावर बसलं. घुर्र. पडदा काळा झाला, आणि आकडे शून्यापासून पुन्हा चढू लागले.

दुरुस्तीवाल्याचा चेहरा उजळला. "बघा, म्हटलं नव्हतं? कॉम्प्रेसरच."

"नऊ मिनिटं चाळीस सेकंद," बाई म्हणाल्या. "पण नियम सलगचा आहे. पहिल्यापासून मोजावं लागेल."

"मोजा ना, आम्हाला कुठे घाई आहे," मुलगा म्हणाला.

आप्पांचे तोवर चार श्वास घेऊन झाले होते. पाचवा अर्ध्यावर असताना मुलाने भिंतीतून प्लगच उपसला आणि तो हातात धरून खाटेच्या कडेवर बसला.

"उगाच दहाची वीस करून घेतलीत, आप्पा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आता तरी हलू नका."