लिगायाचे दहा प्रश्न

प्रांताने कायम वास्तव्याच्या अर्जांसाठीची गुणांची रेषा पुन्हा वर सरकवली, ही बातमी देल्फिनने गाजरं चिरता चिरता फोनवर वाचली. सुरी थांबली. त्याच्या मनात पहिलं नाव आलं ते लिगायाचं.

सां-मेदारच्या वृद्धाश्रमात तो बारा वर्षं स्वयंपाक करत होता. त्याच्या वेळी कॅनडाची पीआर म्हणजे अर्ज टाकायचा, नऊ महिने बर्फ उपसायचा आणि एक दिवस पाकीट यायचं. त्यात त्याचं कर्तृत्व फारसं नव्हतं. पण बारा वर्षांत तो हे विसरला होता आणि नव्याने आलेल्यांना सल्ले देत सुटला होता.

आश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करणारी लिगाया मागबानुआ सकाळची पाळी संपवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली.

"नोंग, सूप उरलंय का?"

"आधी बस, इंदाय. बातमी वाईट आहे." दोघं फिलिपिन्समधल्या एकाच भागातले; त्यांच्या बोलीत नोंग म्हणजे दादा, इंदाय म्हणजे पोरी.

"सहाशे नव्वद?"

"तुला माहीत होतं?"

"मी सहाशे ऐंशी धरलं होतं. दहाने चुकले." तिने वाडगा स्वतःच भरून घेतला. "मटार नीट शिजले नाहीत आज."

मग एप्रनच्या खिशातून तिने चार घड्यांचा एक कागद काढला.

*

त्या कागदावर एवढंच होतं:

प्रांताची यादी. (इथे तिने आता, सूप पिता पिता, रेघ मारली.)

मालकाची शिफारस, शेजारचा प्रांत. (ही रेघ जुनी होती, उन्हाळ्यातली.)

फ्रेंच.

आणि तळाला, चौकोनात: मायुमी, १४ मार्च.

*

मायुमी ही लिगायाची थोरली. नवरा आणि दोन्ही मुली फिलिपिन्समध्ये, इलोइलोत होत्या. चौदा मार्चला मायुमीला बावीस पूर्ण होणार. त्याच्या आधी अर्ज सरकारदरबारी पोचला तर ती आईच्या अर्जात मूल म्हणून राहणार. एक दिवस जरी उशीर झाला तर नवरा येईल, धाकटी येईल आणि मायुमी तिकडेच राहील. चौघांच्या घरातून एकीला मागे ठेवून उरलेल्या तिघांनी नवं घर मांडायचं, ही कल्पना लिगाया करू शकत नव्हती. म्हणून तिने तो कागद केला होता.

सां-मेदार गाव फ्रेंच बोलणारं. अशा गावांत येऊन राहणाऱ्या, फ्रेंच जाणणाऱ्या लोकांसाठी एक वेगळी, अरुंद वाट होती. आश्रमाचं पत्र हवं, गावच्या समितीचं पत्र हवं आणि भाषेच्या परीक्षेत चारही भागांत पाचवी पायरी हवी.

"त्रेचाळिसाव्या वर्षी फ्रेंच?" देल्फिन हसला. "मला बारा वर्षांत 'बोंजूर'च्या पुढे सरकता आलं नाही."

"तुम्हाला गरज नव्हती, नोंग."

"आणि शिकणार कधी? आज ऑक्टोबर उजाडला."

"चौदा महिने झाले शिकतेय."

*

तिला शिकवणाऱ्या बाईंना आपण शिकवतोय याचा पत्ता नव्हता.

आश्रमातल्या मादाम तुगा, वय त्र्याण्णव. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, पण स्मृती जायला लागली तशी आधी इंग्रजीच गेली. राहिली ती लहानपणीची, शेतावरची फ्रेंच. पाळी लावताना सगळ्या जणी त्यांना टाळत. लिगायाने आपण होऊन त्यांची आंघोळ मागून घेतली होती. सगळ्यांना वाटलं, बाई मायाळू आहे. देल्फिनला आता कळलं की तो बेतही होता. नंतर बरेच दिवस तो या दोन गोष्टींचं वजन करत राहिला, आणि शेवटी त्याला पटलं की दोन्ही खऱ्या होत्या.

ती शब्द शिकली ते ज्या क्रमाने अंगावर आले त्या क्रमाने. नको. गार. गरम. नको. गुडघा. आई कुठाय. नको. घोडा. साबण डोळ्यात गेला. नको.

जेवणाची गाडी घेऊन जाताना देल्फिन न्हाणीच्या दाराशी थबकायचा. आतून वाफ यायची आणि लिगायाचा आवाज. त्याला शब्द कळत नसत, म्हणून एकदा त्याने विचारलंच.

"रोज काय सांगतेस त्यांना? बाकीच्यांना ओरबाडतात त्या. तुझ्यापुढे मांजर होऊन जातात."

"मी विचारत नाही. 'मादाम, आंघोळ करायची का?' असं विचारलं की उत्तर 'नको'च. ज्यांचं डोकं थकलंय त्यांना प्रश्न विचारायचा नाही, नोंग. प्रश्न म्हणजे ओझं. मी सांगते, 'पाणी तुमची वाट बघतंय. निळा टॉवेल गरम करून ठेवलाय.' मग त्या स्वतःच उठतात."

"माझ्या बायकोने ही युक्ती लग्नाच्या दिवसापासून वापरली."

"म्हणून तर तुम्ही वेळेवर कामाला येता."

*

नऊ जानेवारी. उणे एकतीस.

देल्फिनने तिला परीक्षेसाठी आपल्या ट्रकमधून विनिपेगला नेलं. चार तास तो गाडीत बसून, मध्ये मध्ये इंजिन चालू करत थांबला. ती बाहेर आली, बसली, पट्टा लावला. शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना पांढरं सपाट रान सुरू झालं तेव्हा म्हणाली,

"मी एकही प्रश्न विचारला नाही."

"म्हणजे?"

"बोलण्याच्या भागात एक जाहिरात देतात. भाड्याने घर. समोरची बाई घरमालकीण. फोन करून माहिती काढायची. निदान दहा प्रश्न हवेत."

"मग?"

"मी म्हटलं, 'घर उबदार असणार तुमचं.' ती म्हणाली, 'हो, घर तापवायची नवी भट्टी बसवलीय.' मी म्हटलं, 'बस जवळूनच जात असेल.' ती म्हणाली, 'कोपऱ्यावरच थांबते.' सगळं सांगितलं तिने, नोंग. भाडं, तारीख, कुत्रं चालतं ते, आधीचा भाडेकरू का गेला तेसुद्धा. पण प्रश्न एकही नाही. सतरा महिने मी त्या भाषेत कोणालाच काही विचारलं नव्हतं. तोंडच वळेना."

देल्फिनला हसू आलं आणि लाज वाटली. "आणि दुसरा भाग?"

"मैत्रिणीला सहलीला चल म्हणून पटवायचं होतं. ती तिसऱ्या मिनिटाला तयार झाली. पुढची सात मिनिटं आम्ही डबा काय न्यायचा ते बोललो."

*

निकाल. ऐकणं सात. वाचणं सहा. लिहिणं पाच. बोलणं चार.

एक पायरी कमी. चोवीस जानेवारी. मायुमीच्या वाढदिवसाला एकोणपन्नास दिवस.

देल्फिनने तिच्यापुढे पान्सितची, तिकडच्या नूडल्सची, बशी ठेवली; ती त्याने घरून खास करून आणली होती. सांत्वन कसं करायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"परत बसता येईल ना? पण आता तारखा कुठल्या मिळायला. सगळ्या भरल्या असतील."

"सहा फेब्रुवारी."

"कधी मिळाली?"

"पहिली घेतली त्याच दिवशी दुसरीही घेतली. दोन्ही एकदमच." तिने नूडल्स नीट काट्याला गुंडाळल्या. "मला माहीत होतं मी कुठेतरी पडणार. कुठे ते माहीत नव्हतं, एवढंच."

आपल्या पाकिटासाठी आपण नऊ महिने काय केलं हे देल्फिन आठवून बघत होता. तो फक्त थांबला होता.

*

गावच्या सहकारी दुकानात एक फळा होता. बर्फ उडवायचं यंत्र विकणे आहे. मांजराची पिल्लं फुकट. शिलाई मशीन, चालू स्थितीत. लिगायाने सगळे नंबर उतरवून घेतले. पाळी संपली की स्वयंपाकघरातल्या पिंपावर बसून ती रोज दोन फोन लावायची, आणि प्रत्येक फोनवर मोजून दहा प्रश्न. ती बोटं दुमडायची. देल्फिन भांडी न वाजवता घासायचा.

पहिल्या आठवड्यात फोनवरची माणसं चक्रावली. दुसऱ्या आठवड्यात गावाला कळलं की आश्रमातली एक फिलिपिनो बाई सगळं विचारते आणि काहीच घेत नाही. यंत्रवाले म्हातारे मस्यू फियों तर आपण होऊन फोन करू लागले. ती तो फोन स्पीकरवर टाकायची आणि नंतर देल्फिनला अर्थ सांगायची.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, काल तुम्ही साखळीबद्दल विचारलंत, ते मला माहीत नव्हतं. आता बघून आलोय. विचारा पुन्हा."

"विकलं नाही अजून ते यंत्र?"

"विकलं सोमवारीच. म्हणतायत, त्याने काय बिघडतं."

न्हाणीत मात्र ती तशीच राहिली. मादाम तुगांना तिने परीक्षेसाठी एकही प्रश्न विचारला नाही. देल्फिनने सुचवलं होतं, दोन-चार विचारून बघ, त्यांना कुठे लक्षात राहणार. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की तो कांदे सोलायला वळला.

*

सहा फेब्रुवारीला तिने तेरा प्रश्न विचारले. निकाल सत्तावीसला आला. बोलणं सहा, आणि बाकीचं एकही पाचाच्या खाली नाही.

मग समितीचं पत्र, आश्रमाचं पत्र, पोलिसांचा दाखला, लग्नाचा दाखला, मुलींचे जन्मदाखले. सगळं आधीच क्रमाने लावलेलं होतं, एक रकाना तेवढा रिकामा होता. आठ मार्चला संध्याकाळी, तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ असताना, तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. शेवटचं बटण दाबण्याआधी हात एप्रनला पुसले, हात कोरडेच होते तरी.

पोच आली. आकडा आणि तारीख.

तिने इलोइलोला फोन लावला. मायुमी कॉलेजला निघाली होती, मागे ट्रायसिकल रिक्षाचा आवाज होता.

"मिळालं, नानाय?"

"मिळालं कुठे. वर्ष लागेल, दीड लागेल, नाहीही म्हणतील. पण तुझं नाव आत गेलंय. आता तुला कितीही वर्षं पूर्ण होऊ देत."



"नानाय, तुम्ही जेवलात का?" मुलीने विचारलं. "तिकडे थंडी किती आहे? काम संपलं? एकट्याच आहात? रडताय का?"

लिगाया एकेकाचं उत्तर देत गेली. देल्फिनने गॅस पेटवला, तिच्यासाठी सूप गरम करायला ठेवलं, आणि या वेळी मटार शिजलेत की नाही ते स्वतः दोनदा चाखून बघितलं.