काटा पायात, तपासणी बाटलीत

त्या दवाखान्याची आठवण झाली का मले अजून मळमळते. नाव मी घेत नाही, घ्यायची त्याची लायकी नाही. कोण्या शेटनं मायच्या नावानं बांधला होता. महाराष्ट्र नवा नवा झाला त्या सुमाराले. मागून शेटनं तिथं एक तपासणीची खोली काढून देली. पांढऱ्या फरश्या, काचेच्या नळ्या, एक दुर्बीण, दारावर संगमरवराची पाटी. आता शेटनं खोली देली, मंग ती रिकामी कशी ठेवायची? शेट कधीबी पाहाले येई. त डाक्टरनं कायदाच करून टाकला. जो येईन त्यानं आधी बाटली भरून द्यायची, मंग दुखणं सांगायचं. खोकला असो का खरूज, आधी बाटली.

आमची सून सुभद्रा निंदाले गेली होती. शेताच्या कुपाजवळ बाभळीचा काटा तिच्या पायात मोडला, जोडव्याच्या बोटाच्या बुडाशी. मी सुईनं कोरून पाह्यलं, बिब्ब्याचा चटका देला, पण लेकाचा खोल गेला होता. दुसऱ्या दिवशी पाय सुजून टरारला. माहा पोरगा रंगराव म्हणे, "माय, आता सुई-बिब्बा बंद. दवाखान्यात नेऊ." बंडी जुंपली अन् आमी तिघं तालुक्याले गेलो.

डाक्टरनं मान वर केली नाही. "लघवी, रक्त, शी," एवढंच बोलला.

मी म्हटलं, "डाक्टरसाहेब, काटा हाये. पायात."

"आधी तपासणी."

"काटा काय मुतात सापडते का?"

कंपौंडर तोंड दाबून हासला. डाक्टर नाही हासला. त्यानं पुढच्या माणसाले हाक मारली.

बाटली कुठून आणायची? त फाटकासमोर इंद्रभानचं पानाचं खोपटं होतं. दवाखान्यानं बाटलीचं खूळ काढल्यापासून तो पानासंगं रिकाम्या बाटल्याबी इके. त्यानं मले एक देली. हाताले चिकट लागली.

"धुतली का बे?"

"हाव मावशी, दोनदा इसळली."

बाटली भरून त्या खोलीत नेली. खिडकीच्या कट्ट्यावर साऱ्या गावाचं मूत उन्हात मांडून ठेवलेलं. कोणाच्या बाटलीले बूच, कोणाच्या चिंधी, कोणाची उघडीच. तपासणारा शालिग्राम म्हणून होता, घामानं निथळून राह्यला होता. एक बत्ती, निळ्या औषधाची एक शिशी, अन् बाटल्यांची रांग काही सरत नाही. एकाची नळी रिकामी केली का पाण्याच्या त्याच बादलीत बुडवे, अन् तिच्यातच दुसऱ्याचं ओते. माहा चेहरा पाहून म्हणे, "काय करू मावशी, धुवाले टाइम कोण देते?" अशा ठिकाणी माणसाची परीक्षा होते म्हणतात. थू.

सुभद्राची नळी बत्तीवर धरली. निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं, अन् मंग विटेसारखं लाल.

"साखर हाये," शालिग्राम म्हणे.

माहा इश्वास बसला नाही. तवा तिथल्या आयानं मले हाताले धरून कट्ट्याजवळ नेलं. "पाहा, मुंग्या." खरंच, सुभद्राच्या बाटलीच्या गळ्याले मुंग्याईची रांग लागली होती. आता मुताले मुंगी लागली का गोड्या लघवीचा रोग, हे आमच्याकडं लहान लेकराले ठाऊक असते. औषध जे म्हणे तेच मुंगीबी म्हणे, मंग मीबी मानलं.

डाक्टरनं चिठ्ठी पाह्यली. पाय नाही पाह्यला. "साखर आहे. आता पायाला चीर देता येणार नाही, चिघळेल. साखर उतरू द्या. नाही उतरली तर पाय कापावा लागेल."

पाय कापावा लागेल. असं बोलला, जसं काही वाढलेलं नख हाये. सुभद्रा पंचवीसच्या आतली पोरगी. सारं शेत तिच्या पायावर चाले. परतताना बंडीत ती नुसती पाय मांडीवर घेऊन बसली.

घरी आल्यावर गूळ बंद, भात बंद. सकाळी कारल्याचा रस, सांजच्याले मेथीचं पाणी. अर्धी भाकर खाऊन ती उठे. म्हणे, "आत्याबाई, पोट भरलं." मले का समजत नव्हतं? दर आठवड्याले बंडी जुंपायची, इंद्रभानची बाटली घ्यायची, भरायची, अन् लाल रंग पाहून वापस यायचं. पोरगी वाळून चिपाड झाली अन् पाय भोपळ्यावानी झाला. सोनाराले बलावून जोडवं कापून काढलं. ते कापताना ती रडली, तोवर रडली नव्हती.

मी दर खेपेले म्हणो, "डाक्टरसाहेब, फडकं सोडून एकदा पाय त पाहा."

"साखर उतरली का?" तो इचारे.

काटा पायात अन् ह्याचा जीव बाटलीत. असा राग ये का त्याची खुर्चीच उलटी करावी.

त चौथ्या खेपेले आमी गेलो, तवा दवाखान्यात शेट आला होता. हार, फोटो, पेढे. आमी बाकड्यावर बसलेलो. सुभद्राच्या फडक्याचा वास सुटला होता, म्हणून आयानं आमाले कोपऱ्यात सरकवलं होतं. डाक्टर शेटले खोली दाखवून राह्यला होता. फुशारकी किती, म्हणे, "शेटजी, आपल्या खोलीमुळे या भागातला केवढा रोग उघडकीला आला. निम्म्या लोकांना साखर आहे, त्यांना पत्ता नव्हता. आपलीही करून दाखवू का?" शेट खुशीत हो म्हणे. चपराशी पळत जाऊन इंद्रभानकडून बाटली घेऊन आला.

शेटची नळी बत्तीवर धरली. हिरवी, पिवळी, लाल.

शेटचं तोंड उतरलं. हातातला अर्धा पेढा तसाच राह्यला. कट्ट्यावरच्या बाटलीले मुंग्या लागाले वेळ लागला नाही.

अन् डाक्टर हासला हो. "छे छे शेटजी, तुम्हाला साखर कशी असेल? बाटलीतच काही घाण असणार. शालिग्राम, काचेचा पेला उकळून घे. नळी धू. परत करू."

पेला उकळला. नळी साबणानं धुतली. परत केली, त औषध निळंच्या निळं. शालिग्रामनं पहिली बाटली नाकाले लावली. "साहेब, मधाची हाये ही."

इंद्रभानले बलावलं. तो बिचारा सरळ माणूस, कात लागलेले हात पुसत आला. म्हणे, "हाव, मधाच्याच. सातपुड्यातले लोक जळगाव जामोदच्या बाजारात मध आणतात, तिथल्या रिकाम्या बाटल्या मी घेतो. काऊन, काय झालं?"

"कोणाकोणाला दिल्या?" डाक्टरनं इचारलं.

"माह्याकडून जो घेते त्या साऱ्याईले त्याच देतो."

मी उठले. शेट असो का शेटचा बाप, मले काही दिसलं नाही. म्हटलं, "शेटले एकदा लाल आली त तुले बाटलीवर शक आला. माह्या सुनेले दर खेपेले आली, तवा बाटली सोवळी होती का बे?"

शेट समोर उभा, म्हणून डाक्टरले मले हाकलता येईना. शालिग्रामनं न सांगता दुसरा पेला उकळाले ठेवला. सुभद्राची तपासणी परत झाली. निळी. जशी शेटची निळी, तशीच. तिच्यात साखर नव्हतीच कधी, अन् ती कारलं पिऊन अर्धी झाली होती.

तवा डाक्टरनं पहिल्यांदा फडकं सोडलं. सोडलं अन् नाकाले रुमाल लावला. मी त्याचा रुमाल ओढून घेतला. म्हटलं, "घे वास. तुहाच हाये."

पाय वाचला. बोट नाही वाचलं. काळं पडलं होतं, बुडापासून काढावं लागलं, अन् त्याच्यासंगं काटाबी निघाला. कंपौंडरनं थाळीत आणून दाखवला. गव्हाच्या दाण्याएवढं टोक. पहिल्या दिवशी चिमट्यानं निघालं असतं.

मंग दवाखाना सुधरला. शालिग्रामनं साफ सांगतलं, भाराभर बाटल्या तपासून खोटं लिहाचं असन त मी चाललो घरी. डाक्टरनं त्याचं ऐकलं. आता दवाखाना आपल्या बाटल्या उकळून देते, अन् ज्याले गरज हाये त्यालेच देते. इंद्रभान नुसतं पान इकते. लोक म्हणतात, डाक्टर लय चांगला झाला.

मागच्या पोळ्याच्या आधी मी शेजारच्या झुंबरबाईले घेऊन गेले, तिचा कान ठणकत होता. वाटेनं पाय दुखते म्हणून सुभद्रा नको म्हणत होती, पण आली. डाक्टर खुर्चीवरून उठला. झुंबरबाईचं डोकं खिडकीकडं वळवलं अन् इचारलं, "कुठं दुखतं, आजी? दाखवा." बाटलीचं नाव नाही.

झुंबरबाई माह्याकडं पाहे, पाह्य कसा देवमाणूस हाये म्हणून.

मी म्हटलं, "डाक्टर, एवढं इचाराले तुले माह्या सुनेचं बोट लागलं."

त्यानं मान खाली घातली. खाली सुभद्राचे पाय होते. एकाच पायात जोडवं होतं.