किती लिटर निघालं?

"काय हैबतराव, आज धुराचं पेट्रोल किती लिटर निघालं?"

धाटावच्या कारखान्याच्या शिफ्टच्या बसमध्ये पाय ठेवला की रोज हाच सवाल! हैबतरावांचं डोकं पार उठलं होतं. त्यांची मुलगी मनाली रोह्याच्या कॉलेजात बीएस्सीला. प्रदर्शनात ती एवढंच म्हणाली होती, की चिमणीतल्या कार्बन डायऑक्साइडमधला थोडा ऑक्सिजन काढला तर जळणारा वायू उरतो, त्यापासून पेट्रोलसारखं इंधन करता येतं, आणि त्याला लागणारी भयंकर उष्णता उन्हातून घेता येईल. झालं! लोकांना फुकटची करमणूक मिळाली.

त्यात भर म्हणजे अंगणात केबलवाल्याची मोडकी डिश, तिला ऊन एकवटायला चिकटवलेले आरशाचे तुकडे. शेवटी रविवारी हैबतरावांनी भंगारवाल्या पोपटला बोलावलंच.

"उचल ही ब्याद!"

मनाली आडवी आली. "बाबा, उद्या मुंबईच्या प्रयोगशाळेतले सर ही डिश बघायला येतायत. पटली तरच प्रयोगशाळेत घेतील मला."

"दोन वर्षं आरसे चिकटवतेस. निघालं काय त्यातून?"

"शिसं वितळलं. त्याच्या चौपट उष्णता लागेल."

"शिसं वितळलं! शिशावर एसटी चालते काय गो?"

पेणच्या खाडीकाठाहून आलेली त्यांची आई, जनी, पडवीत वाल सोलत होती. तिचा हात थांबला.

"हैबत, तुजा बापूस मिठागरावर पयलं काय करायचा रं?"

"जमीन तुडवायचा."

"किती दिस?"

"महिना महिना."

"पायाला भेगा पडायच्या. तवा मी कदी इचारलं, किती गोणी मीठ निघालं? ऊन फुकट हाय रं, पन त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर आदी जमीन घट्ट करायला लागते. पोर तेच करते, आन तू भंगारवाला बोलावतोस?"

हैबतरावांनी डिशकडे पाहिलं. त्याच मिठावर तर त्यांचं आयटीआय झालं होतं!

"साहेब, उचलू ना?" पोपटने विचारलं.

"खबरदार हात लावशील तर!" हैबतराव ओरडले. मनाली रडत रडत हसली.

सोमवारी बसमध्ये ठरलेला सवाल आलाच. किती लिटर?

"एक थेंब नाय," हैबतराव म्हणाले. "अजून खूप वर्षं नाय निघायचं. आणि आज मी अर्धाच दिवस हाय. सर यायचेत, डिश धरायला माणूस लागतो."

मंडळी, आपल्याही घरात एखादी पोर अशी जमीन तुडवत असेल. तिला लिटरचा हिशेब मागू नका. जमलं तर डिश धरा!