दामल्यांचा शिक्का

जपानमधल्या ओजिमात, दामल्यांच्या घरात, रविवारपासून आडनावाचा शिक्का सापडत नव्हता, आणि तो कुठे आहे हे फक्त जयंतीला ठाऊक होतं. तांदळाच्या डब्यात, हात कोपरापर्यंत जाईल इतका खाली, तिनेच खुपसला होता.

निमित्त झालं लेकीच्या, सईच्या, कॉलेजचं. तिच्या प्राध्यापिका मोरिता सेन्सेई फेब्रुवारीत विद्यार्थ्यांना घेऊन त्रिनिदादला निघाल्या होत्या. कॅरिबियन समुद्रातलं बेट. तिथला कार्निव्हल बघायचा, स्टीलचे ड्रम वाजवायला शिकायचे, आणि फार पूर्वी ऊसमळ्यांवर राबायला नेलेल्या भारतीयांच्या वंशजांकडे राहून घरातल्या आज्यांच्या मुलाखती घ्यायच्या. अर्जावर पालकांचा शिक्का शुक्रवारी पाचच्या आत हवा होता. या कॉलेजला सही चालत नव्हती. मोरिता नावाचा शिक्का शंभर येनच्या दुकानात आयता मिळतो. दामले नावाचा मुद्दाम करून घ्यावा लागतो, आणि त्यात आठवडा जातो.

जयंतीने नाही म्हटलं नव्हतं. "बघू" म्हटलं होतं. फार लांब आहे, तीस तासांचा प्रवास आहे, असं ती नवऱ्याला सांगत राहिली. शैलेंद्र बिचारा रोज ऑफिसातून आला की खण उपसत बसायचा. खरं दुखणं वेगळंच होतं. सई सहा वर्षांत आजोळी, नाशिकला, फिरकली नव्हती. तिथलं बोलणं मला नीट समजत नाही, मी तिथे काय करू, हे तिचं ठरलेलं उत्तर, आणि तेही जपानीत. सख्खी आजी तिकडे वाटेकडे डोळे लावून बसलीय, आणि ही बया अर्धी पृथ्वी ओलांडून परक्यांच्या आज्या अभ्यासायला निघालीय! जयंतीचा जीव नुसता जळत होता.

सईने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, दोघी भांडून मोकळ्या झाल्या असत्या. पण पोरगी चार दिवस गप्प होती. सकाळी अर्ज टेबलावर ठेवून जायची, आल्यावर उचलून बघायची आणि परत ठेवायची.

गुरुवारी संध्याकाळी तिने नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. तोही सेन्सेईंचाच नियम. इथे रंगीत तालमीशिवाय कुणी शिंकतसुद्धा नाही. तिकडच्या आज्यांना विचारायचे चाळीस प्रश्न आधी इथे कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून बघायचे होते. सईला तसं माणूस एकच माहीत होतं. मोडक्यातोडक्या मराठीत ती एकेक प्रश्न विचारत होती, आजी खुशीत उत्तरं देत होती, आणि जयंती कांदा चिरता चिरता कान टवकारून ऐकत होती. पुढचा प्रश्न होता, घरातलं कुणी परदेशी निघालं तेव्हा तुम्ही काय केलं?

आजीने चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या आईचा पासपोर्ट लपवला. तांदळाच्या डब्यात. आठ दिवस."

जयंतीची सुरी थांबली. लग्नानंतर व्हिसा येईपर्यंत ती माहेरीच होती. पासपोर्ट आपणच वेंधळेपणाने हरवला असं ती बावीस वर्षं समजत आली होती. आईनेच तो देव्हाऱ्यामागे सापडला म्हणून आणून दिला होता आणि वर चार गोष्टी सुनावल्याही होत्या.

"मग परत का दिलास?" सईने विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

"ती भांडली असती तर दिला नसता. पण गप्पच झाली गं. घरभर शोधायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही. म्हटलं, ही जाणार ती जाणारच. पण अशी गेली तर परत यायची नाही."

जयंतीने हात धुतले, कोरडे केले, डब्याचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. अगं, तांदळात कसा असेल, असं खण उपसत बसलेला शैलेंद्र म्हणाला. तिने हात बाहेर काढला. शिक्का पदराला पुसला, लाल शाईवर टेकवला आणि अर्जावर दाबून धरला. नाव जरा तिरकं उठलं.

सई फोन हातात धरून बघत होती. पलीकडे आजीचं हॅलो हॅलो चाललं होतं. सईने अर्ज उचलला, शाईवर फुंकर घातली आणि मराठीत विचारलं, "तू किती दिवस, आई?"

"चार," जयंती म्हणाली, आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. आज आईला चांगलं सुनावायचं, असं तिने ठरवलं होतं. पण ते सुरकुतलेलं तोंड समोर आलं आणि तिला रडूच कोसळलं.